लांबचा मार्ग, जवळचा मार्ग : ईव्ह ऑनलाइनमधील प्रवासाचे गणित

2020 पर्यंत ईव्ह ऑनलाइन या अवकाशातील संगणकीय खेळामध्ये जिटा आणि अमार ही दोन सर्वांत मोठी बाजारकेंद्रे सुरक्षित मार्गाने केवळ 9 जंपांवर होती. या मार्गावर नियार्जा नावाची एक साधी सिस्टिम, म्हणजे एका ताऱ्याभोवतीचा प्रदेश, होती. त्या वर्षी ट्रिग्लेव्हियन या शत्रुगटाच्या आक्रमणाच्या कथानकात खेळाडूंच्या लढायांचा निकाल लागला, नियार्जा साम्राज्यांच्या हातून गेली आणि ऑक्टोबरमध्ये पोचवेन या नव्या प्रदेशाचा भाग झाली. नकाशावरची एक सिस्टिम कमी झाली, पण तोच सुरक्षित प्रवास 9 जंपांवरून सुमारे 45 जंपांवर गेला. व्यापार करणाऱ्या प्रत्येकासमोर एकच प्रश्न उभा राहिला. पाचपट वेळ घालवून सुरक्षित मार्गाने जावे, की धोक्याच्या दोन-चार सिस्टिम ओलांडून लवकर पोहोचावे? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक नवे खेळाडू नकाशावरच्या रंगांत शोधतात आणि तिथेच त्यांची चूक होते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. आइसलँडमधील सीसीपी गेम्स या कंपनीने मे 2003 मध्ये ईव्ह ऑनलाइन सुरू केला. न्यू ईडन या त्याच्या विश्वात सात हजारांहून अधिक सिस्टिम आहेत. बहुतेक सिस्टिम एकमेकींना गेटने जोडलेल्या आहेत आणि एका गेटमधून पुढच्या सिस्टिममध्ये जाणे म्हणजे एक जंप. जहाज नष्ट झाले की ते कायमचे गेले. त्यातील मालापैकी काही जळतो आणि उरलेला मारणारा घेऊन जातो. येथे प्रवासाचे नियोजन करावे लागते ते यामुळेच. ज्या खेळात मेल्यावर सगळे परत मिळते, तिथे कोणी मार्ग आखत बसत नाही.

प्रत्येक सिस्टिमला सुरक्षेचा एक आकडा असतो आणि नकाशावर तो रंगाने दाखवला जातो. 1.0 ते 0.5 म्हणजे हाय-सेक, 0.4 ते 0.1 म्हणजे लो-सेक, आणि 0.0 व त्याखाली नल-सेक. हाय-सेकमध्ये कोणी विनाकारण हल्ला केला, तर कॉनकॉर्ड हे पोलीस दल येऊन हल्लेखोराचे जहाज हमखास नष्ट करते. हे वाक्य पुन्हा वाचावे, कारण त्यात बचावाचा उल्लेख कोठेही नाही. कॉनकॉर्ड शिक्षा करते, संरक्षण करत नाही. 1.0 च्या सिस्टिममध्ये ते साधारण 6 सेकंदांत पोहोचते, तर 0.5 मध्ये त्याला 20 सेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात तुमचे जहाज फोडता येत असेल आणि मिळणारी लूट गमावलेल्या स्वस्त जहाजांपेक्षा महाग असेल, तर हल्ला करणे हा हल्लेखोराच्या दृष्टीने सरळ धंदा ठरतो. यालाच गँकिंग म्हणतात. गँकर आपली जहाजे जाणार हे गृहीत धरूनच येतो, त्यामुळे त्याला शिक्षेचे भय नसते. हाय-सेकच्या हिरव्या-निळ्या रंगांवर विसंबणारा खेळाडू हे विसरतो की 0.5 आणि 1.0 या दोन्हींचे नाव हाय-सेक असले, तरी त्यांत हल्लेखोराला मिळणाऱ्या सेकंदांचा फरक तिपटीचा आहे.

आता खेळ स्वतः मार्ग कसा सुचवतो ते पाहू. सिस्टिम म्हणजे बिंदू आणि गेट म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा, असे मानले की न्यू ईडन हे एक मोठे जाळे होते. अशा जाळ्यात दोन बिंदूंमधील सर्वांत स्वस्त वाट शोधण्याची उत्कृष्ट पद्धत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक रेषेवर काही खर्च लिहायचा आणि एकूण खर्च सर्वांत कमी होईल अशी वाट निवडायची, हा तिचा गाभा. प्रत्येक जंपचा खर्च सारखाच धरला, तर उत्तर सर्वांत कमी जंपांचे येते. असुरक्षित सिस्टिममध्ये शिरण्याचा खर्च वाढवला, तर वाट आपोआप त्यांना वळसा घालू लागते. खेळातल्या मार्गदर्शकात कमी अंतराचा, अधिक सुरक्षित आणि कमी सुरक्षित असे पर्याय दिसतात, शिवाय सुरक्षेला किती वजन द्यायचे ते ठरवणारी एक सरकपट्टी आणि टाळायच्या सिस्टिमची यादीही असते. ही सारी सामग्री याच खर्चाशी खेळण्यासाठी आहे.

परंतु खर्च किती लिहावा? येथे शाळेतले संभाव्यतेचे गणित उपयोगी पडते. समजा एका मार्गात 9 जंप आहेत. त्यांतील 8 सिस्टिममध्ये जहाज गमावण्याची शक्यता प्रत्येकी 0.1 टक्का आहे आणि एकात 20 टक्के आहे. सुखरूप पोहोचण्याची शक्यता काढताना या शक्यता बेरजेत जात नाहीत. वाचण्याच्या शक्यतांचा गुणाकार करावा लागतो. 0.999 चा आठवा घात आणि त्याला 0.8 ने गुणले की सुमारे 79 टक्के येतात. दुसरा मार्ग 45 जंपांचा आहे आणि प्रत्येक सिस्टिममध्ये धोका 0.1 टक्काच आहे. तिथे सुखरूप पोहोचण्याची शक्यता 95 टक्क्यांच्या थोडी वर जाते. म्हणजे लांबचा मार्ग चांगला. पण त्याच लांबच्या मार्गावर प्रत्येक सिस्टिमचा धोका 1 टक्का धरून पाहा. वाचण्याची शक्यता 64 टक्क्यांवर घसरते आणि लांबचा ‘सुरक्षित’ मार्ग जवळच्या धोकादायक मार्गापेक्षा वाईट ठरतो. लांबी हाच एक धोका आहे, ही गोष्ट सिस्टिमचे रंग कधीच सांगत नाहीत. हे आकडे अर्थातच उदाहरणासाठी घेतले आहेत, पण त्यांमागचा नियम खरा आहे.

गणिताची आवड असणाऱ्यांना यातली एक युक्ती सांगण्याचा मोह आवरत नाही. वाचण्याच्या शक्यतेचा लॉगरिदम घेऊन त्याचे चिन्ह बदलले, की गुणाकाराची बेरीज होते आणि डाइक्स्ट्रांची पद्धत जशीच्या तशी लागू पडते. 20 टक्के धोक्याच्या सिस्टिमचा खर्च अशा रीतीने 0.223 येतो आणि 0.1 टक्का धोक्याच्या सिस्टिमचा 0.001. म्हणजे ती एक वाईट सिस्टिम 223 चांगल्या सिस्टिमइतकी महाग पडते. अशा सिस्टिमसाठी 36 जंपांचा वळसाही स्वस्तच म्हणावा लागेल. हा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही, पण अनुभवी मालवाहू पायलटांच्या सवयी तपासल्या तर त्या याच्याशी जुळतात. एखादी कुप्रसिद्ध सिस्टिम ते टाळणाऱ्या यादीत घालून ठेवतात आणि बाकीच्या वाटेकडे फारसे लक्ष देत नाहीत.

तरीही मार्गदर्शकात एक अंगभूत दोष आहे. तो सर्वांना एकच उत्तर देतो. जिटाहून डोडिक्सी या दुसऱ्या बाजारकेंद्राकडे जाणाऱ्या हजारो पायलटांना सर्वांत लहान हाय-सेक वाट म्हणून तो युएडामा या 0.5 सिस्टिममधूनच पाठवतो. शिकाऱ्याला शिकार शोधावी लागत नाही, कारण सावज ठरलेल्या गेटवर, ठरलेल्या दिशेने येत राहते. युएडामाची ख्याती अशी झाली. नियार्जा हाय-सेकमध्ये होती तेव्हा तिचीही ख्याती हीच होती आणि तीही 0.5 होती. लो-सेकमध्ये रॅन्सर, टामा, आमामाके ही नावे जुन्या खेळाडूंच्या ओठांवर असतात, कारण त्या सिस्टिम दोन गजबजलेल्या भागांना जोडणाऱ्या अरुंद वाटांवर आहेत. सुरक्षेचा आकडा तोच, पण आडवाटेवरची लो-सेक सिस्टिम दिवसभर रिकामी पडलेली असते. त्यामुळे सुरक्षेचा आकडा पाहण्याआधी मी गेट मोजतो. सिस्टिमला किती गेट आहेत, त्यांतून कोणत्या दोन बाजारांची रहदारी जाते आणि तिला पर्याय आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की तिथे कोणी बसले असेल का याचा अंदाज बऱ्यापैकी येतो.

आता गेटकडे येऊ. सगळा धोका तिथेच एकवटलेला असतो, म्हणून या भागावर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे. अवकाश अफाट आहे आणि वार्पमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या आतल्या अतिवेगवान झेपेत, असलेल्या जहाजाला कोणी अडवू शकत नाही. अडवता येते ते वार्प सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर. गेटमधून पलीकडे उतरताच जहाज गेटपासून सुमारे 12 किलोमीटरवर, कोणत्याही बाजूला, अदृश्य अवस्थेत प्रकट होते. हे अदृश्यपण 60 सेकंद टिकते आणि जहाज हलले किंवा एखादी आज्ञा दिली की संपते. नवा पायलट या मिनिटाचा उपयोग करत नाही, तो उतरताच पुढच्या गेटवर क्लिक करतो. वास्तविक हे मिनिट म्हणजे संपूर्ण प्रवासात फुकट मिळणारा एकमेव विचारविराम आहे. समोर कोणती जहाजे आहेत, ती किती दूर आहेत, त्यांच्यात वेगाने नेम धरणारी लहान जहाजे आहेत का, हे सारे शांतपणे पाहता येते.

पाहून झाल्यावर जावे लागतेच. वार्पमध्ये शिरण्यासाठी जहाजाला योग्य दिशेने वळून आपल्या कमाल वेगाच्या 75 टक्के वेग गाठावा लागतो. यास लागणारा वेळ जहाजाचे वस्तुमान आणि जडत्व यांवर ठरतो. लहान, चपळ जहाजाला 2 ते 3 सेकंद पुरतात, तर फ्रेटर या अजस्र मालवाहू जहाजाला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो. शत्रूलाही वेळ हवा असतो. त्याला तुमच्यावर नेम लॉक करून वार्प रोखणारे यंत्र चालवायचे असते. त्या यंत्रांतील डिसरप्टरची पोच साधारण 20 ते 24 किलोमीटर असते. खेळाचा सर्व्हर दर सेकंदाला एक ठोका या गतीने चालतो, त्यामुळे 2 सेकंदांच्या आत वार्पमध्ये शिरणाऱ्या जहाजाला लॉक करणे व्यवहारात जवळजवळ अशक्य होते. अशा जहाजांना खेळाडू ‘इन्स्टावार्प’ म्हणतात. एखादी मौल्यवान पण लहान वस्तू न्यायची असेल, तर अशा जहाजाने लो-सेकमधून नेणे हे फ्रेटरने हाय-सेकमधून नेण्यापेक्षा अनेकदा अधिक सुरक्षित असते. रंगांवर विश्वास ठेवणाऱ्याला हे विधान उलटे वाटेल.

याच नियमातून निघालेली एक करामत मला फार आवडते. जाळे टाकून शत्रूच्या जहाजाचा वेग कमी करणारे एक यंत्र असते, त्याला वेब म्हणतात. मित्राने लहान जहाजातून आपल्याच फ्रेटरवर वेब टाकला, तर फ्रेटरचा कमाल वेग एकदम खाली येतो. वार्पसाठी लागतात ते या घटलेल्या कमाल वेगाचे 75 टक्के, आणि जहाज थोडेसे चालू लागले की तेवढा वेग त्याला आधीच मिळालेला असतो. अर्धा मिनिट रेंगाळणारे अजस्र जहाज काही सेकंदांत नाहीसे होते. शत्रूला रोखण्याचे हत्यार मित्राला पळवण्यासाठी वापरणारा हा उपाय नियमांचा सरळ परिणाम आहे. महाग माल नेणारे फ्रेटरचे पायलट म्हणूनच एकटे निघत नाहीत.

अदृश्य होण्याची यंत्रे हा दुसरा आधार. कोव्हर्ट ऑप्स क्लोक बसणारी जहाजे, उदाहरणार्थ ब्लॉकेड रनर हे मालवाहू जहाज, अदृश्य राहूनच वार्प करू शकतात. साधा क्लोक असणाऱ्यांना ते जमत नाही. पण त्यांच्यासाठीही एक युक्ती आहे. दिशा धरायची, क्लोक आणि मायक्रोवार्प ड्राइव्ह हे वेग वाढवणारे यंत्र जवळजवळ एकाच दमात सुरू करायचे, ड्राइव्हचा फेरा संपत आला की क्लोक काढून वार्पची आज्ञा द्यायची. अदृश्य असतानाच वेग वाढलेला असतो, त्यामुळे जहाज लगेच निघून जाते. मात्र कोणतीही वस्तू 2,000 मीटरच्या आत आली की क्लोक गळून पडतो. गेटवर दबा धरणारे म्हणूनच आपली वेगवान जहाजे तुम्ही शेवटचे दिसलात त्या दिशेने सोडतात. हा सराव एखाद्या शांत सिस्टिममध्ये दहा-वीस वेळा करूनच मग धोक्याच्या ठिकाणी जावे. बोटे अडखळली तर युक्ती माहीत असून उपयोग होत नाही.

लो-सेकमध्ये कॉनकॉर्ड येत नाही, पण गेटवर पहारा देणाऱ्या तोफा असतात आणि त्या बेकायदा हल्ला करणाऱ्यावर गोळीबार करतात. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळेच लो-सेकमधील सापळ्यांचे स्वरूप ठरते. तोफांचा मारा सोसायचा म्हणजे हल्लेखोराला दणकट जहाज लागते. दणकट जहाजे मोठी असतात आणि मोठी जहाजे नेम धरण्यात मंद असतात. म्हणून चपळ जहाजे बरेचदा निसटतात, आणि हल्लेखोर ही उणीव भरून काढण्यासाठी नेमाचा वेग वाढवणारी सेन्सर बूस्टर यंत्रे बसवतात. याशिवाय काही जण स्मार्टबॉम्ब वापरतात. हे यंत्र नेम धरतच नाही, जहाजाभोवतीच्या काही किलोमीटरमधील सगळ्यांना एकदम इजा करते. त्याच्यापुढे 2 सेकंदांत वार्प करण्याची चपळाई व्यर्थ जाते, कारण तुम्ही गेटजवळ उतरत असतानाच स्फोट होतो. येथे उपाय वेगाचा नसून दिशेचा असतो. एका गेटकडून दुसऱ्या गेटकडे सरळ न जाता मध्ये एखाद्या ग्रहाकडे वळायचे, तिथून गेटवर काय आहे ते पाहायचे आणि वेगळ्या दिशेने उतरायचे. स्मार्टबॉम्बवाले सरळ रेषेवर बसलेले असतात, कारण बहुतेकांची वाट तीच असते.

नल-सेकमध्ये हीच सरळ रेषा अधिक घातक ठरते. तिथे बबल लावता येतात. बबल म्हणजे अवकाशातला असा मोठा गोल, ज्याच्या आतून वार्प सुरू होत नाही. तो केवळ अडवत नाही, तर खेचूनही घेतो. तुम्ही ज्या रेषेने गेटकडे येता, त्या रेषेवर गेटच्या पुढेमागे बबल असला, तर जहाज गेटवर उतरण्याऐवजी बबलच्या कडेला उतरते. म्हणून नल-सेकमधून जाणारा शहाणा पायलट प्रत्येक गेटसाठी आधी बाजूचा एखादा ग्रह किंवा स्वतः नोंदवून ठेवलेली जागा गाठतो. तिथून तो दिशादर्शक स्कॅनर, ज्याला सगळे डी-स्कॅन म्हणतात, वापरतो. त्याची पोच 14 खगोलीय एककांहून थोडी अधिक असते आणि कोन 360 अंशांपासून 5 अंशांपर्यंत अरुंद करता येतो. गेटच्या दिशेने अरुंद कोन लावला आणि यादीत मोबाइल वार्प डिसरप्टर दिसला, तर तिथे बबल आहे हे न जाताच कळते. बबलचा परिणाम होऊ न देणारे नलिफायर हे यंत्रही आहे, पण ते बसवण्यासाठी जहाजाच्या इतर क्षमतांवर पाणी सोडावे लागते.

माहितीबद्दल येथे सांगणे योग्य होईल. खेळाच्या नकाशावर गेल्या तासात कोणत्या सिस्टिममध्ये किती जहाजे आणि किती पॉड (पायलटच्या सुटकेच्या कुप्या) नष्ट झाले, किती जंप झाले, हे पाहता येते. डॉटलान हे नकाशांचे संकेतस्थळ आणि झेडकिलबोर्ड ही नष्ट झालेल्या जहाजांची नोंदवही, या दोन्हींचा उपयोग खेळाडू रोज करतात. पण आकडे वाचण्याचीही एक रीत आहे. नुसती नष्ट झालेली जहाजे मोजू नयेत, त्यांना रहदारीने भागावे. 2,000 जंपांमागे 10 जहाजे गेली असतील, तर ती गजबजलेल्या बाजाराची नेहमीची नोंद आहे. 30 जंपांमागे 3 गेली असतील, तर तिथे कोणीतरी बसले आहे. दुसरी खूण पॉडची. जहाज फुटल्यावर पायलट पॉडमध्ये उरतो आणि पॉड इतका चपळ असतो की लो-सेकमध्ये तो सहसा निसटतो. लो-सेकच्या एखाद्या सिस्टिममध्ये जहाजांइतकेच पॉडही नष्ट झालेले दिसले, तर तिथे स्मार्टबॉम्ब किंवा फारच वेगवान नेमबाज असल्याचा संशय घ्यावा. नल-सेकमध्ये तेच आकडे बबलकडे बोट दाखवतात. हे आकडे मागच्या तासाचे असतात, पुढच्या पाच मिनिटांचे नव्हे. त्यामुळे खरोखर महाग माल असेल, तर एका जंपने पुढे जाणारा साथीदार हवा. दुसरा पर्याय त्याची जागा घेऊ शकत नाही.

सिस्टिममध्ये कोण कोण आहे हे ‘लोकल’ नावाच्या यादीत दिसते. गेटने जोडलेल्या बहुतेक भागांत तुम्ही शिरताच तुमचे नाव तिथे झळकते. तुम्ही इतरांना पाहता तसे इतरही तुम्हाला पाहतात, हे लक्षात ठेवून अदृश्य असतानाही फार वेळ रेंगाळू नये.

मार्ग ठरवण्याचा निम्मा भाग मालाच्या किमतीत आहे, आणि तो लोक सर्वांत शेवटी पाहतात. जहाज फुटल्यावर त्यातील मालाचा प्रत्येक ढीग वाचण्याची शक्यता सुमारे निम्मी असते. म्हणजे गँकरच्या हिशेबात तुमच्या मालाची सरासरी अर्धी किंमत मोजली जाते. ती किंमत तुमचे जहाज 20 सेकंदांत फोडण्यासाठी लागणाऱ्या स्वस्त जहाजांच्या खर्चापेक्षा जास्त असेल, तर तुम्ही ग्राहक नसून माल आहात. जिटाजवळच्या गेटवर कार्गो स्कॅनर घेऊन बसलेला एखादा निरुपद्रवी दिसणारा पायलट हाच हिशेब करत असतो. यावरचे उपाय साधे आहेत. माल दोन-तीन फेऱ्यांत विभागावा, जहाजावर माल वाढवणाऱ्या यंत्रांऐवजी कवच वाढवणारी यंत्रे बसवावीत, आणि ऑटोपायलट कधीही लावू नये. ऑटोपायलट जहाजाला थेट गेटवर न उतरवता काही किलोमीटर अलीकडे थांबवतो आणि उरलेले अंतर रखडत पार करतो. ते अंतर म्हणजे गँकरला दिलेली आयती संधी असते. मीही एकदा रिकामे समजून निघालेले जहाज असेच गमावले. त्यात एक विसरलेली महाग वस्तू होती आणि ती माझ्याआधी त्यांना दिसली होती.

धडक मारून अडवण्याचा प्रकारही येथे सांगितला पाहिजे. जहाजे एकमेकांना आदळतात आणि आदळणे हा गुन्हा मानला जात नाही. फ्रेटरला वारंवार धडका देऊन त्याची दिशा बिघडवत राहिले, की तो वार्पमध्ये शिरू शकत नाही आणि हल्लेखोरांना जमायला वेळ मिळतो. खेळात आता असा नियम आहे की वार्प रोखणारे यंत्र लागलेले नसेल, तर 3 मिनिटांनंतर जहाज निघतेच. पण 3 मिनिटे हा फार मोठा काळ आहे.

गेटखेरीज आणखी दोन वाटा आहेत. जंप फ्रेटर आणि मोठ्या युद्धनौका स्वतःच्या जंप ड्राइव्हने, इंधन जाळून, गेटशिवाय दूरच्या सिस्टिममध्ये पोहोचतात. त्यासाठी पलीकडे कोणीतरी सायनो नावाचा प्रकाशस्तंभ पेटवावा लागतो, आणि हाय-सेकमध्ये असा प्रवेश करता येत नाही. नोव्हेंबर 2014 पासून अशा प्रवासावर थकव्याची मर्यादा घातली गेली, नाहीतर अख्खे ताफे काही मिनिटांत विश्वाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचत. दुसरी वाट वर्महोलची, म्हणजे दोन सिस्टिमना जोडणाऱ्या तात्पुरत्या बोगद्यांची. मार्च 2009 मध्ये ती खेळात आली. वर्महोल ठराविक वस्तुमान आणि ठराविक काळच टिकतात, म्हणून त्यांतून जाणारा मार्ग आज आहे आणि उद्या नाही. डिसेंबर 2014 मध्ये आलेली थेरा ही वर्महोल सिस्टिम दूरदूरच्या प्रदेशांना एकाच वेळी जोडते. ईव्ह-स्काउट हा खेळाडूंचा उपक्रम तिची तेव्हाची दारे प्रसिद्ध करतो. चाळीस जंपांचा प्रवास कधी कधी दहा जंपांवर येतो, पण तिथे लोकलमध्ये कोणी बोलल्याशिवाय नाव दिसत नाही. त्यामुळे तुमच्यासारखाच शिकारीही अदृश्य असतो.

हल्ला झालाच, तर उलट गोळी झाडू नये. ज्याने शस्त्र चालवले त्याला 60 सेकंद गेटमधून जाता येत नाही, आणि हा नियम तुम्हालाही लागू होतो. न झाडता गेटकडे मागे धावलात आणि 2,500 मीटरच्या आत पोहोचलात, तर पलीकडे उडी मारता येते. तुमच्यावर गोळीबार केलेले मात्र तेवढा वेळ तिथेच अडकतात. जहाज वाचणार नाही हे कळले, की एखाद्या ग्रहावर वार्पची आज्ञा वारंवार देत राहावे, म्हणजे जहाज फुटताच पॉड निघून जातो. पायलटच्या शरीरात महाग इम्प्लांट, म्हणजे क्षमता वाढवणारी यंत्रे, घातलेली असतील, तर पॉड गेल्यास तीही जातात, म्हणून ती किंमतही प्रवासाच्या हिशेबात धरली पाहिजे. धोक्याच्या प्रवासाआधी रिकाम्या क्लोनमध्ये, म्हणजे इम्प्लांट नसलेल्या दुसऱ्या शरीरात, जाणे अनेकजण पसंत करतात.

शेवटचा गेट ओलांडला म्हणजे प्रवास संपला, असे वाटते, पण स्थानकापाशी उतरण्याची वेळ अजून यायची असते. बाजाराच्या स्थानकावर वार्पने उतरलेले जहाज डॉकिंगच्या, म्हणजे स्थानकात शिरण्याच्या, हद्दीबाहेर राहिले, तर उरलेले काहीशे मीटर ते उघड्यावर चालते. त्यासाठी आत अगदी जवळ, हद्दीच्या आत, बुकमार्क नोंदवून ठेवतात. निघतानाही तसेच. स्थानकातून बाहेर पडणारे जहाज ठराविक दिशेने कमाल वेगात निघते, म्हणून त्याच रेषेवर 150 किलोमीटरपलीकडे एक बुकमार्क केला, की वळण्याची गरज न राहता वार्प तत्काळ लागतो. असे बुकमार्क करायला एक मोकळी संध्याकाळ पुरते, आणि माल विकत घेण्याच्या आधीच ते करून ठेवावेत.